तुमचा मित्र बरोबर आहे, पण म्हणून तुमची श्रद्धा खोटी ठरत नाही

तुम्ही विचारलंय की ‘देव आहे हे माझं सत्य आहे’ असं म्हटलं की मित्र म्हणतो सत्य माझं-तुझं नसतं, मग बरोबर कोण.

मित्र बरोबर आहे. देव आहे किंवा नाही, जे काही असेल ते तुम्हाला, मला, न मानणाऱ्याला, सगळ्यांना एकच असणार. कुणी म्हणेल सत्यसुद्धा जागेनुसार बदलतं, पाणीच बघा, शाळेत शिकलो 100 अंशाला उकळतं, पण आमचं सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, इथं ते साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. खरंय, पण ते हवेच्या दाबामुळं, सोलापूरकरांना तसं वाटतं म्हणून नाही. थर्मामीटर भक्ताच्या हातात द्या नाहीतर नास्तिकाच्या, आकडा तोच.

मग श्रद्धा म्हणजे काय? आमच्याकडं संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. सिद्धेश्वर म्हणजे संत सिद्धरामेश्वर, 12 व्या शतकात होऊन गेले, त्यांची कन्नड वचनं आजही आहेत. आणि कथा अशी की एका कुंभाराच्या मुलीला त्यांच्याशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. ते लग्न आम्ही दरवर्षी लावतो. सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं जिकडंतिकडं, तळ्याकाठी संमती, म्हणजे या लग्नाचा पाठ, वाचली जाते आणि सगळी गर्दी ‘सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम’ म्हणत अक्षता टाकते. लहानपणी अप्पांच्या खांद्यावर बसून मीपण ओरडायचो, अंगावर काटा यायचा, अजून येतो.

खूप वर्षांनी लक्षात आलं की तोंडानं आम्ही सत्यम म्हणतो पण जे वाचतात त्याला नाव संमती आहे, जिथं वाचतात तो संमती कट्टा. माझ्यासाठी फरक इथंच आहे. सत्याला कुणाची संमती लागत नाही, लाखभर लोक नाही म्हणाले तरी पाणी उकळायचं तेव्हा उकळणारच. श्रद्धा मात्र मी संमती दिल्याशिवाय होतच नाही, ती मी देतो, वर्षानुवर्षं देत राहतो आणि तिची जबाबदारीही माझीच. म्हणून तर आपण ‘देव तुला माहीत आहे का’ असं विचारत नाही, ‘देव मानतोस का’ विचारतो.

ही गल्लत झाली की काय होतं ते आमच्या घरात झालंय. अप्पांना शुगर. ओळखीतल्या एकानं सांगितलं, रोज तीर्थ घ्या, मनापासून श्रद्धा असेल तर गोळ्यांची गरज नाही, आणि अप्पांनी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात उपाशीपोटी शुगर तीनशेच्या वर, ॲडमिट करावं लागलं. मला राग तीर्थाचा आला नाही. राग आला तो या गोष्टीचा, की माझ्या बापाच्या श्रद्धेला कुणीतरी जे तिचं कामच नाही ते लावलं, रक्तातली साखर मोजायचं. आता ते तीर्थही घेतात आणि गोळीही, आणि त्यांची भक्ती तसूभरही कमी झालेली नाही.

दुसरी बाजूपण आहे, तुमच्या मित्रासाठी. देव सिद्ध करता येत नाही यावरून देव नाही हे सिद्ध होत नाही, तेही एक मानणंच झालं. आणि श्रद्धेला प्रश्न विचारले की ती मोडते असंही नाही. परंपरेत सांगतात की सिद्धराम तळं बांधण्यात रमलेले असताना त्याच काळातले शरण संत अल्लमप्रभू इथं आले आणि त्यांनी तोंडावर विचारलं, या बांधकामात तुला शिव सापडणार आहे का? सिद्धराम आधी चिडले, वाद घातला, मग त्यांच्यासोबत कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला, गेले. ज्याला आम्ही देव मानतो त्यालासुद्धा आपलं मानणं तपासावं लागलं. ही गोष्ट मला योगदंडाच्या लग्नापेक्षाही जवळची वाटते.

तेव्हा पुढच्या वेळी मित्राशी बोलताना ‘माझं सत्य’ हा शब्द सोडा, ‘मी मानतो’ एवढंच म्हणून बघा. मग तो विचारेल का मानतोस, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडं नक्की असेल, कुठल्या रात्री कुणाला हाक मारली होती, आई काय म्हणायची वगैरे. ते त्याला सांगा.