पोरं विचारतात, टीचर काय सांगणार?

प्रश्न : ताई नमस्कार. मी निपाणी भागात सरकारी मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवते. नागरिकत्व, पर्यावरण, मूल्यशिक्षण सगळं घ्यायचं असतं आणि पोरं मूलभूत कर्तव्यं धडाधड म्हणून पण दाखवतात, पण बाहेर गेली की कुरकुऱ्याचं पाकीट सरळ गटारात. परवा उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात राहिलेली वाळली पानं, जाळू नये म्हणून सांगत होते तर एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, माझे बाबाच जाळतात, मग ते वाईट आहेत काय?" मला उत्तरच सुचलं नाही. आणि 1 नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सव, जवळ आला की "आपण कर्नाटकचे की महाराष्ट्राचे" हा प्रश्न ठरलेला. हे विषय वर्गात काढावेत की टाळावेत?

उत्तर : बाई, टाळू नका. पोरं विचारायला लागलीत म्हणजे तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा, आणि तो एकदा गेला की मग फक्त पाठांतर उरतं.

त्या मुलीचं आधी बोलते, कारण तुमचं पत्र वाचून मला रात्रभर तीच आठवत होती. तिने एवढ्या पोरांसमोर उभं राहून बाबांचं नाव घेतलं. तिला बाबांचा न्याय करायला लावू नका, बाबांकडे प्रश्न घेऊन जायला सांगा. का जाळता, न जाळायला काय लागेल, एवढंच विचारून ये म्हणावं. उत्तरं येतीलच, मजूर मिळत नाही, खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाला, लवकर पाणी द्यायचं असतं, पाचटात उंदीर-साप होतात, कुट्टीचं मशीन भाड्याने आणायचं तर पैसे कोण देणार. ही सगळी खरी कारणं आहेत, ती फळ्यावर डाव्या बाजूला लिहा. उजव्या बाजूला पाचट राखलं तर काय होतं ते लिहा, ओल टिकते, तण कमी येतं, कुजलं की रानालाच खत. मग गणित घाला. एकरी साधारण 3-4 टन पाचट निघतं, आणि कुजवायला टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू खत सांगतात, तर दोन एकराला किती आणि खर्च किती ते पोरांनाच काढू दे, दुकानातला भाव पण त्यांनीच विचारून आणू दे. गावात कोण एक आड एक सरीत पाचट ठेवत असेल तर त्या शेतकऱ्याला वर्गात बोलवा, तुम्ही दहा वेळा सांगण्यापेक्षा त्यांचं एकदाचं बोलणं भारी पडतं. शेवटी पोरं काय ठरवतील ते ठरवू दे. निकाल तुम्ही देऊ नका, आणि तिचे बाबा उद्या शाळेच्या दारात आले तर त्यांना मान खाली घालावी लागू नये एवढं मात्र बघा.

आता कर्तव्यांचं. संविधानात ती 1976 मध्ये 42व्या दुरुस्तीने आली, कलम 51क मध्ये, आणि जंगलं, तळी, नद्या, प्राणी जपायचं कर्तव्य त्यातच आहे. पण त्याच दुरुस्तीने कलम 48क पण आलं, त्यात पर्यावरण राखायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. आपण पोरांकडून पहिलं घोकून घेतो आणि दुसरं सांगतच नाही. मग पोराला वाटतं नदी घाण झाली ती माझ्या पाकिटानेच. इकडे बेळगावात बळ्ळारी नाला पावसात फुगला की येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातलं भात पाण्याखाली जातं. तिथे एकट्या पोराने पाकीट खिशात ठेवून भागणार आहे काय? पाकीट खिशात ठेवावंच, पण नाला कोणी साफ करायचा हे पण त्याला कळायला नको का?

मी नोकरीत असताना आमच्या शाळेत हात धुवायच्या जागेचा नळ गळायचा. बिसिऊटच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, आधी पोरांनी खाली 10 लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ लावलं, 20 मिनिटात भरली. म्हणजे तासाला 30 लिटर, शाळेच्या 6 तासात 180. एक पोरगं म्हणालं, आमच्या घरी एवढ्यात दोन दिवस निघतात. वर्ग एकदम गप्प झाला. मग सगळ्यांनी मिळून पंचायतीला अर्ज लिहिला, आधी मराठीत, मग कन्नडच्या सरांकडे बसून कन्नडमध्ये, आणि त्या एका तासात पोरं जेवढं कन्नड शिकली तेवढं एरवी महिन्यात शिकत नव्हती. दोन वेळा जाऊन हात हलवत परत आली, तिसऱ्यांदा नळ बदलला. दोन फेऱ्या फुकट गेल्या ते बरंच झालं असं मला आजही वाटतं, पाठपुरावा काय असतो ते पोरांना कळलं. कर्नाटकात मक्कळ ग्रामसभा असते, मुलांनी पंचायतीसमोर आपलं म्हणणं मांडायची. तुमच्या पंचायतीत कधी होते ते विचारा आणि पोरांना तयारीनिशी न्या, नाहीतर फोटोपुरतं बसवतात.

सीमेचं. इथे गुळमुळीत बोलू नका आणि घोषणा पण देऊ नका. आधी तारखा सांगा. 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, 1966 ला या वादासाठी महाजन आयोग नेमला, त्याचा 1967 चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. मग सांगा की घराघरात यावर मत वेगळं आहे आणि मत असणं गुन्हा नाही. तुमच्या वर्गात एखादं कन्नड घरातलं पोर असेल तर त्याला पण तेवढ्याच मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे, ती जबाबदारी तुमची. आपली भाषा जपायची शिकवणच खरी असेल तर त्याच्या भाषेची टिंगल वर्गात चालणार नाही, हे पहिल्या दिवशीच ठणकावून सांगा. दुपारच्या जेवणाच्या रांगेत कोण अंडं घेतो, कोण केळं, त्यावरून चिडवाचिडवी होते ना, तिथे पण हाच नियम.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळेत असल्या उपक्रमात वेळ जातो, पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्ड परीक्षा आहे. मार्कांचं काय? – एक पालक, खानापूर

उत्तर : दादा, काळजी समजते. पण आठवड्यातला एखादा तास गेला म्हणून मार्क जात नाहीत हो, आणि अर्ज लिहिणं, आकडेमोड, मुद्दा मांडणं हे सगळं परीक्षेतच आहे. त्याला आज घरी एकच विचारा, शाळेत काय ठरवलं आणि तुझं मत काय होतं. तो पाच मिनिटं बोलला तर वेळ कुठे जातो ते तुम्हालाच कळेल. नुसताच "काय नाही" म्हणाला तर मात्र शाळेत जाऊन टीचरना भेटा.