खाडा की रजा?

प्रश्न : आमच्याकडे अकरा वर्षं भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या मावशींचं पिशवी काढायचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दीड महिना वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, असं बजावलंय. त्यांना आम्ही महिना ३,२०० रुपये देतो. बदलीची बाई मिळाली, पण ती ३,५०० घेते. मावशींचा पगार चालू ठेवला तर एकाच कामाचे दोनदा पैसे जातात. आम्ही दोघंच असतो. मिस्टर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यांच्या पेन्शनवर घर चालतं. त्यांचं म्हणणं, काम नाही तर दाम नाही. अगदीच वाटत असेल तर उचल दे आणि नंतर कापून घे. सोसायटीतल्या मैत्रिणी म्हणतात, तू दिलेस तर आम्हालाही द्यावे लागतील, उगाच पायंडा पाडू नकोस. मावशींनी स्वतःहून सुचवलंय की त्यांची आठवीतली मुलगी शाळेआधी येऊन भांडी घासून जाईल. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते. मुलीला येऊ देऊ नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि आठवीतली मुलगी तेरा-चौदाचीच असणार. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवू. मावशींनी हे का सुचवलं असेल? काम हातचं जाऊ नये आणि महिन्याचे पैसेही बुडू नयेत म्हणून. म्हणजे तुम्ही कापलेला खाडा त्या मुलीच्या हजेरीपटावर पडणार. पहाटे उठून भांडी घासून आलेली मुलगी पहिल्या तासाला डुलक्या काढते. पुढे आई बरी झाली तरी ‘तेवढं एक घर तूच कर’ म्हणून ते काम तिच्याच गळ्यात राहतं. आमच्या शेजारी असं झालेलं मी पाहिलंय. ती मुलगी दहावीला बसलीच नाही.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळते. मी एकतीस वर्षं सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत होते. लोकांच्या सेवापुस्तकात रजेच्या नोंदी करण्यातच माझी निम्मी दृष्टी गेली. त्यामुळे ‘काम नाही तर दाम नाही’ हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की मला हसू येतं. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आठवत असतील. वर्षाला ३० दिवस अर्जित, म्हणजे नोकरी करून कमावलेली भरपगारी रजा. त्याशिवाय सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला २० दिवस अर्धवेतनी. डॉक्टरांचा दाखला जोडला की हीच अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण पगारी मिळते, खात्यातून फक्त दुप्पट दिवस वजा होतात. किरकोळ रजा वेगळीच. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे, रोख पैसे हातात पडतात. तुमच्या मिस्टरांनीही घेतले असतील. मीही घेतले, आमच्या हॉलमधला सोफा त्यातलाच आहे.

हेच नियम मावशींना लावून बघू या. ११ वर्षं गुणिले २०, म्हणजे २२० दिवस अर्धवेतनी. परिवर्तित केले तर ११० दिवस पूर्ण पगारी. दीड महिन्याचे ४५ वजा केले तरी ६५ उरतात. अर्जित रजेला अजून हातच लावलेला नाही. ती खाड्यांत संपली म्हणाल तर महिन्याला दोन खाडे धरून वर्षाला २४ होतात. ३० मधून २४ गेले, तिथेही दर वर्षी सहा शिल्लक. मिस्टरांना हा कागद दाखवा. खात्यात राहिलेला माणूस बेरीज तपासल्याशिवाय राहणार नाही, आणि बेरीज बरोबर आहे.

मावशी शासकीय सेवेत नाहीत, हे मलाही कळतं. कायदा तुम्हाला एक रुपयाही द्यायला लावत नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला, पण आजारपणात पगार देण्याचं बंधन तो घरमालकावर टाकत नाही. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजा आहे, आजारपणासाठी कर्मचारी राज्य विमा आहे. आपल्या मोरीत उकिडवी बसणारी बाई त्यातल्या कशातच बसत नाही. म्हणून तर हा निर्णय तुमच्या स्वयंपाकघरात होतो.

मी फार शहाणी म्हणून हे सांगत नाही. १९९४ च्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. दीड महिना घरी होते, दाखला जोडून, पूर्ण पगारी. त्या काळात आमच्या बाईंनी माझी पथ्याची भांडी वेगळी घासली, न सांगता उसाचा रस आणून दिला. मी कामावर रुजू झाले आणि पंधरवड्यात त्या नळकोंडाळ्यावर घसरल्या, पाऊल मुरगळलं. अठरा दिवस आल्या नाहीत. पहिल्या तारखेला मी दिनदर्शिकेवरच्या फुल्या मोजल्या आणि अठरा दिवसांचे पैसे कापून उरलेले त्यांच्या हातावर ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे चहा घेणं बंद केलं. मी कप ओट्यावर ठेवायची, त्या ‘आत्ताच घेतला’ म्हणायच्या. पुढे चार वर्षं काम केलं त्यांनी, एकही कप घेतला नाही. माझ्या रजेच्या अर्जावर साहेबांनी एका मिनिटात सही केली होती, हे मला फार उशिरा आठवलं.

तर किती द्यायचे? दीड महिन्याचा पूर्ण पगार ४,८०० रुपये होतो. बदलीच्या बाईचे ५,२५० तसेही तुम्ही देणारच आहात, ते मावशींच्या खात्यावर मांडू नका. ४,८०० एकदम मोठे वाटतात, पण अकरा वर्षांच्या १३२ महिन्यांवर पसरा, महिन्याला ३६ रुपये पडतात. जमत असेल तर पूर्ण द्या. औषधपाण्यामुळे तुमचाच हात आखडलेला असेल तर पहिला महिना पूर्ण आणि पुढचे पंधरा दिवस अर्धा, म्हणजे ४,००० द्या, आणि तसं आजच सांगून टाका. पडून राहिलेल्या माणसाला रकमेपेक्षा ‘देतील का, किती देतील’ याचाच घोर जास्त असतो. बदलीचा खर्चही कमी करता येतो. मिस्टरांचे गुडघे ठीक असतील तर केर ते काढतील, बाईला फक्त भांडी सांगा. त्यांना आवडणार नाही, पण विचारून बघा.

उचल मात्र नको. उचल म्हणजे टाके ओले असताना डोक्यावर ठेवलेलं कर्ज. ते फेडायला बाई डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या आधी येते, बादली उचलते आणि पुन्हा दवाखान्यात जाते.

पायंड्याचं म्हणाल तर पडू दे. मैत्रिणींना खरी भीती तीच आहे आणि ती रास्त आहे. मावशी आणखी चार घरी करत असतील, तर प्रत्येक घराला वाटतं बाकीची चार देतील. २०२० साली हेच झालं. १९ मार्चला पंतप्रधानांनी टीव्हीवरून सांगितलं होतं की घरी काम करणाऱ्यांचा पगार कापू नका. आमच्या इमारतीत एप्रिलचा पगार बहुतेकांनी दिला. मे महिन्यात गळती लागली आणि जूनमध्ये ‘आता आपलं आपण करायची सवय झाली’ ही भाषा आली. सवय वगैरे काही झाली नव्हती. दिवाळीच्या आत सगळ्यांनी पुन्हा फोन केले.

आणखी दोन गोष्टी. बदलीच्या बाईला पहिल्याच दिवशी दीड महिन्याची बोली करून सांगा, म्हणजे तिलाही नंतर वाईट वाटायला नको. आणि मावशींची कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, ते विचारा. १८ ते ६० वयाच्या घरकामगाराला ती करता येते, त्यासाठी तुमच्याकडे काम करते असा दाखला लागतो. अशा दाखल्यावर सही करायला लोक उगाच बिचकतात. एवढी वर्षं घराची किल्ली तिच्याकडे देताना बिचकत नाहीत.

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत पाच महिने जातोय. घर बंद राहील. आमची बाई म्हणते, अर्धा पगार द्या नाहीतर मी ती वेळ दुसरीकडे देईन. ही अडवणूक नाही का? काम शून्य आहे.
– एक ज्येष्ठ दांपत्य, नाशिक

उत्तर : अडवणूक कसली? ती यायला तयार आहे, कुलूप तुम्ही लावताय. इथे आजार, अडचण, खाडा काहीच तिच्या बाजूचं नाही, त्यामुळे पहिल्या पत्रातला घोळही नाही. अर्धा मागितला, हा तिचा समंजसपणा. ती वेळ दुसऱ्या घराने घेतली तर परत आल्यावर जेटलॅगमध्ये दारोदार बाई शोधत फिराल.

माझं ऐकाल तर पूर्ण द्या आणि काम ठरवून घ्या. आठवड्यातून एकदा घर उघडायचं, खिडक्या तासभर उघड्या ठेवायच्या, नळ सोडून बघायचे, तुळशीला पाणी, महिन्याला एकदा फरशी. नाशिकचा पावसाळा मध्ये येत असेल तर बंद घरातल्या गाद्यांना काय बुरशी येते ते मी सांगायला नको. परत याल तेव्हा डाळींच्या डब्यात किडे नसतील, एवढ्यातच पैसे वसूल.

प्रश्न : माझी आई डोंबिवलीत चार घरी पोळ्या करते. तिला डेंग्यू झाला, सोळा दिवस गेली नाही. तीन घरांनी पूर्ण पगार दिला. चौथ्या घरी महिना २,५०० मिळतात, त्यांनी १,५०० कापले, आणि या वेळी बोनसही अर्धाच मिळेल म्हणाले. आई म्हणते जाऊ दे. मी एफवाय बीकॉमला आहे. तिने ते घर सोडावं का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बीकॉमला आहेस ना, मग आधी कॅल्क्युलेटर काढ. २,५०० भागिले ३०, गुणिले १६. उत्तर १,३३३. म्हणजे त्यांच्याच नियमाने त्यांनी १६७ रुपये जास्त कापलेत. आईने पहिल्यांदा एवढंच बोलायचं: ‘वहिनी, हिशेबात चूक झाली असेल, बघता का?’ हिशेबाची चूक दाखवायला कुणाची विनवणी करावी लागत नाही. ते १६७ परत आले की विषय निघालेलाच असेल. तेव्हा डॉक्टरांचा कागद आणि प्लेटलेटचा रिपोर्ट समोर ठेवून पुढचं बोलायचं: बाकी तीन घरांनी पूर्ण दिला, तुम्ही काय करता? तीन घरांचं नाव घ्यायला लाजायचं नाही. तू सोबत जाऊ नकोस. तू गेलीस की ‘मुलगी शिकली म्हणून भांडायला आणली’ होतं.

बोनसचं मात्र ठाम बोलायचं. दिवाळीचा बोनस वर्षभराच्या कामाचा असतो. सोळा दिवसांचे पैसे कापून झाल्यावर त्याच सोळा दिवसांसाठी पुन्हा बोनस कापणं म्हणजे एकाच चुकीला दोन शिक्षा, आणि डास चावणं ही चूकसुद्धा नाही.

आई ‘जाऊ दे’ म्हणते ते तिच्या जागी बरोबर आहे, एकट्या बाईला एवढंच परवडतं. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर भरपगारी रजाही होती. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तुमच्या भागात अशी कुठली संघटना काम करत असेल तर आईला एकदा बैठकीला घेऊन जा, नुसतं बसून ऐकलं तरी चालेल.

घर सोडायचं का? आधी दुसरं घर नक्की करा, मग बोला. पोळ्यांना बाई मिळत नाही, हे डोंबिवलीत त्या वहिनींना तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत असणार. आणि डेंग्यूनंतर सांधे बरेच दिवस धरतात. कणीक मळायला जोर लागतो, लाटायला कमी. घरची कणीक काही दिवस तू मळून ठेव, म्हणजे तिचे हात त्या चार घरांसाठी राहतील.