लक्का कबुतराच्या शेपटीचा खराटा झालाय, कापली तर नवी येईल का?

कापू नका भाऊ. पीस कापलं की बुडखा आत तसाच राहतो आणि पुढच्या पीसझडीला तो गळेपर्यंत तिथं नवं पीस फुटत नाही. मुळासकट निघालेलं पीस महिना-दीड महिन्यात भरून येतं, पण म्हणून सगळी उपटत बसू नका. पाखराचे हाल होतात.

तुम्ही लिहिलंय की जळगावहून पांढरी जोडी आणली, दोन महिन्यांत शेपट्या झडल्या आणि विकणारा आता ताकदीचं औषध घ्या म्हणतो. पैसे वाचवा. साध्या पारव्याच्या शेपटीत 12 पिसं असतात, लक्क्याच्या पंख्यासारख्या शेपटीत 30-40. ती रक्तातून येतात, बाटलीतून नाही. डार्विनने स्वतः कबुतरं पाळली होती. त्याने 1859 च्या पुस्तकात लक्क्याबद्दल लिहिलंय की चांगल्या पाखराचं डोकं मागं जाऊन शेपटीला टेकतं. आमच्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हाऊ मोर शे का कबूतर?"

आता खराटा का झाला ते सांगतो, कारण मीही तोच घोळ केला होता. केळीच्या दोन जुन्या कॅरेटला जाळी मारून खुराडं केलं. रुंदी जेमतेम दीड फूट. पाखरू आत वळलं की पंखा जाळीला घासायचा. रोज थोडा थोडा. पंधरा दिवसांत शेंडे दातऱ्या विळ्यासारखे झाले आणि मी मात्र दाण्याला दोष देत बसलो. जोडीला निदान तीन फूट लांब-रुंद जागा द्या. बसायला बारीक काठी नको, सपाट वीट ठेवा, तीही भिंतीपासून हातभर लांब.

दाणा साधाच: दादर (ज्वारी), बाजरी, मका, थोडा हरभरा. नवं पीस वाढत असताना मात्र एक दिवसही उपाशी ठेवू नका. उपासाची आडवी रेघ पिसावर उमटते आणि पुढे पीस तिथंच मोडतं.

आठवड्यातून दोनदा सकाळी परातीत पाणी ठेवा, ती स्वतःच अंघोळ करतात. पाण्यावर पांढरी साय धरली तर घाबरू नका, तो पिसांचा भुगा. खुराडं झाडताना मात्र नाकाला रुमाल बांधा, हा भुगा वर्षानुवर्षं छातीत गेला तर दम लागतो. पावसात भिजू देऊ नका. लक्का धड उडतही नाही, त्यात भिजला तर मांजराला आयताच.

कात्री लागते ती एकाच कामाला. जोड लागूनही अंडी रिकामी निघत असतील तर गुदद्वाराभोवतालची बारीक पिसं छाटतात, कारण एवढा पिसारा मध्ये येतो. अंडी दोन, उबवायला 17-18 दिवस. घरटं पसरट मातीच्या थाळीत करा, नाहीतर शेपटीच्या फटक्याने अंडं बाहेर.

तुम्ही म्हणता तुमच्या नराची डावीकडची पाच-सहा पिसं मधूनच मोडलीत, बुडं शाबूत आहेत. ती राहू द्या. पावसाळ्यात पीसझड सुरू झाली की आपोआप गळतील. तोवर फक्त खुराडं मोठं करा.