मक्याला अळी लागली की शेजारची ताटं सावध होतात का?

प्रश्न : एका ताटावर अळी पडली की शेजारच्या ताटांना वासावरून कळतं, असं ऐकलं. खरं आहे का? असेल तर फवारणी लांबवली तर चालेल का?

उत्तर : वासाची गोष्ट खरी आहे. फवारणीचं मात्र एवढ्यावरून ठरवू नका.

गवत कापल्यावर येणारा हिरवट वास तुमच्या ओळखीचा आहे. अळीनं पान कुरतडलं तरी तसाच वास लगेच सुटतो. काही तासांनी मका वेगळेच गंध सोडू लागतो, आणि ते अळीच्या लाळेमुळे! नुसत्या फाटलेल्या पानातून ते इतके येत नाहीत. 1990 मध्ये प्रयोगांत दिसलं की या गंधाचा माग काढत परोपजीवी गांधीलमाशी येते आणि अळीच्या अंगात अंडी घालते. तिची पिल्लं अळीला आतून संपवतात. मला यात सर्वांत मोलाचं हेच वाटतं, कारण ही मदत पीक स्वतः बोलावतं.

शेजारच्या झाडांचं म्हणाल, तर त्याच वर्षी सेजब्रश या सुगंधी झुडपाच्या फांद्या टोमॅटोच्या रोपांजवळ बंद भांड्यात ठेवल्या होत्या. टोमॅटोच्या पानांत किडीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार झाली. पण ते बंद भांडं होतं. उघड्यावर सेजब्रशच्या झुडपांमध्ये हा परिणाम साधारण 60 सेंटिमीटरपर्यंतच दिसला. शिवाय सावध झालेलं झाड अळीला जड जातं, तरी अळी त्याला खातेच.

म्हणून शेतात फिरून पोंगे (ताटाच्या शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) आणि पानांची खालची बाजू बघत राहा. अळी लहान असतानाच निर्णय घ्या. मेलेल्या किंवा मलूल अळीजवळ बारीक पांढरे-पिवळसर कोश दिसले, तर गांधीलमाशी कामाला लागली आहे. अशा वेळी सरसकट सगळे कीटक मारणारं औषध फवारलं, तर पिकानं बोलावलेली मदतही मरते. फवारणी टाळता येण्याजोगी नसेल, तर मित्रकीटकांना कमी घातक औषध निवडा आणि प्रादुर्भाव आहे तेवढ्याच भागात मारा.

गंधाचा वापर आधीपासूनच करायचा असेल, तर केनियात खोडकिड्यासाठी रुळलेली पद्धत बघा. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक लावतात, त्याच्या वासानं खोडकिड्याचे पतंग दूर जातात. शेताच्या कडेनं नेपियर गवत असतं. पतंग तिकडे ओढले जाऊन अंडी घालतात, आणि त्यावर निघालेल्या बहुतेक अळ्या जगत नाहीत.