आई-वडील गावाहून येणार आहेत. गाडी करून एका दिवसात मुंबईतली जास्तीत जास्त ठिकाणं कशी दाखवता येतील?

जास्तीत जास्त दाखवू नका. एकच ठिकाण दाखवा आणि तिथे त्यांना बसू द्या.

तुम्ही लिहिलंय की दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत, चार दिवसांसाठी येणार आहेत आणि तुम्हाला सुट्टी एकाच दिवसाची मिळणार आहे. शिवाय गेटवेपासून जुहूपर्यंत नऊ ठिकाणांची यादीही दिली आहे. ती यादी वाचली आणि मला राहवेना. अगदी हीच यादी, दोन नावं इकडची तिकडे, माझ्या दादाने 2019 साली केली होती.

दादाच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून आई पाटणजवळच्या गावाहून आली होती. लग्न पार पडलं आणि दादा म्हणाला, आई इतक्या वर्षांनी आलीय, तिला मुंबई दाखवू. त्याने सात सीटची गाडी केली. सकाळी सातला निघाले ते रात्री अकराला घरी. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजी अली, सिद्धिविनायक, सी लिंक, जुहू. हुतात्मा चौक गाडीच्या काचेतून. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर आई आडवी पडलेली, पाय सुजलेले. काय काय बघितलंस विचारलं तर म्हणाली, "गाडीत लई गार लागत हुतं गं." एवढंच. दोनदा उलटी झाली होती हे वहिनीकडून कळलं.

हँगिंग गार्डनला त्यांनी वीस मिनिटं दिली होती. आईने तिथे विचारलं, "टांगलेली बाग कुठाय?" कोणी उत्तर दिलं नाही, कारण ड्रायव्हर पार्किंगवरून फोन करत होता. त्या बागेखाली पाण्याची मोठी टाकी आहे, 1880च्या दशकातली. टाकीच्या छतावर माती घालून बाग केली आहे. मलबार हिलवरून दक्षिण मुंबईला पाणी जातं ते तिथूनच. माझी आई लालबागच्या चाळीत पहाटे चारला हंडा घेऊन नळावर उभी राहिलेली बाई. आपण पाण्यावर उभ्या आहोत हे कोणी सांगितलं असतं तर ती तिथे तासभर बसली असती, प्रश्न विचारले असते. तिला कोणी बसूच दिलं नाही. सगळ्यांनी झाडांच्या प्राण्यांसमोर फोटो काढले आणि निघाले.

मी त्या दिवशी दादाला काही बोलले नाही. लग्नाने दमला होता, खर्चही त्याने केला होता. पण आठवड्याने मी पतपेढीतून रजा टाकली आणि आईला माझ्याकडे डोंबिवलीला आणलं. तिला म्हटलं, उद्या आपण दोघीच राणीबागेत जाऊ. ती म्हणाली, "आगं, त्यात काय बघायचंय?" मी म्हटलं, काही नाही बघायचं.

सकाळची गर्दी ओसरल्यावर आम्ही लेडीज डब्यातून निघालो. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत गेलो, वाटेत दोनदा थांबून. तिकीट तेव्हा माणशी 50 रुपये होतं. आई त्यावर बोललीच, तिच्या काळी ते पैशांत होतं.

आत शिरल्यावर लोक पेंग्विनच्या दिशेने सुसाट निघतात. आम्ही गेलो नाही. ही बाग 1862 साली सुरू झाली, प्राणी नंतर आले. मुळात ती झाडांची बाग आहे आणि अशी झाडं मुंबईत दुसरीकडे एका जागी बघायला मिळत नाहीत. मध्ये एकदा प्राणिसंग्रहालय वाढवण्याच्या बेतात झाडांवर गदा येणार होती. तेव्हा काही नागरिकांनी, त्यातही बायकांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून ती वाचवली. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर. गोरखचिंच आहे तिथे, आफ्रिकेतली, खोड बघाल तर हत्तीचा पाय. उर्वशी आहे, मूळची ब्रह्मदेशातली. फुलते तेव्हा लाल फुलांचे घोस फांदीवरून झुंबरासारखे खाली सुटलेले असतात.

आई थांबली ती कैलासपतीपाशी. तुम्ही हे झाड पाहिलं नसेल तर सांगते. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून निघालेल्या जाडजूड दोऱ्यांसारख्या देठांवर येतात, अगदी जमिनीपासून वरपर्यंत. खाली बरीच पडलेली होती. आईने एक उचललं. सहा जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळसर, आतून लालगुलाबी. मधोमध पांढऱ्या बारीक तंतूंची गादी आणि तिच्यावर एका बाजूने वाकून आलेली फणा. नागाने पिंडीवर फणा धरावी तशी. आईने पदराने चष्मा पुसला, फूल डोळ्यांजवळ नेलं आणि नखाने ती फणा हळूच वर उचलून आत पाहिलं. मग सोडली, ती परत जागच्या जागी बसली. तिने तीनदा तसं केलं. वास इतका दाट की हात धुतल्यावरही जात नाही. त्याची फळं तोफेच्या गोळ्यांएवढी असतात, म्हणून बरोब्बर खाली बसू नका. आम्ही पलीकडच्या बाकावर बसलो.

तिथे आम्ही अडीच तास बसलो होतो. पहिला अर्धा तास ती काही बोलली नाही, फूल मांडीवर घेऊन समोर बघत होती. मग म्हणाली, "तुझ्या बापाशी मी पयल्यांदा नीट बोलले ती हितंच."

मला हे माहीत नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांची होते मी तेव्हा आणि हे पहिल्यांदा ऐकत होते.

1966 साली लग्न होऊन ती लालबागला आली तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं होती. दोन चुलत दीर, मावसभाऊ, गावाकडची तीन माणसं जेवायला. पाळ्या वेगळ्या असल्यामुळे खोलीत कोणी ना कोणी झोपलेलंच असायचं. गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे सांगायला नको. नवरा-बायकोने बोलायचं कुठे? बाबांची पहिली पाळी असली की साडेतीनला भोंगा व्हायचा. ते केसांत कापसाचा तूस घेऊन तसेच बाहेर यायचे आणि आई चिंचपोकळीच्या नाक्यावर उभी असायची. दोघं चालत राणीबागेत. बाबा गवतावर तोंडावर रुमाल टाकून पंधरा मिनिटं झोपायचे, मग उठून बोलायचे. घरात जी गोष्ट काढता येत नाही, पैशाची, गावच्या जमिनीची, सासूच्या पत्राची, ती इथे निघायची. काळा घोडा, म्हणजे इंग्रज राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, फोर्टातून हलवून 1965 साली राणीबागेत आणला होता. बाबांनी तिला तो मुद्दाम नेऊन दाखवला होता, "राजा घोड्यासकट आपल्याकडं राहायला आलाय" म्हणून. तिला ते वाक्यसुद्धा आठवत होतं.

मग ती म्हणाली, "दादाला रांगायला जागा न्हवती खोलीत. बाबा त्याला हितं हिरवळीवर सोडायचं."

1982च्या संपानंतर गिरणी सुरूच झाली नाही. बाबा दोन वर्षं इकडे तिकडे करून गावी परतले. 2009 साली गेले. हे सगळं आई त्या बाकावर बसून बोलली. माझ्याकडे डोंबिवलीत तीन खोल्या आहेत, ती आधी चार वेळा राहून गेलेली आहे, पण तिथे हे कधी निघालं नव्हतं. घरात ती भाजी निवडते, मी स्वयंपाक करते, टीव्ही चालू असतो. बागेत बसलं की हाताला काम नसतं आणि माणसाला उठून जायला कारण नसतं, म्हणून बोलणं निघतं. बागेचा उपयोग काय असं जे विचारतात त्यांना मी हे सांगते.

निघताना संग्रहालयाच्या बाहेरचा दगडी हत्ती बघितला. भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेला लागूनच आहे, 1872 सालचं. हा हत्ती मूळचा घारापुरीचा, ज्याच्यामुळे त्या बेटाला एलिफंटा म्हणायला लागले. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. ते इथे आणून जोडले. आईने जोडलेल्या भेगांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "ह्यो हाय की अजून."

दादाला हे कळलं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "राणीबागेत जाऊन पेंग्विन नाही दाखवलेस?" आणि दुसरं, "अडीच तास एका झाडासमोर बसायला गावात झाडं नाहीत का?"

हा वाद आमच्यात जुना आहे. दादा महाबळेश्वरला गेला तरी दिवसात बारा पॉइंट करतो. विल्सन पॉइंटला सूर्योदय, बॉम्बे पॉइंटला सूर्यास्त, मधले दहा टॅक्सीवाल्याच्या कार्डावर टिक करत. मी एकदा आर्थर सीटला नुसती दरीकडे बघत अर्धा तास बसले तर माझ्यासाठी सगळे खोळंबले म्हणून तो आजही बोलून दाखवतो. त्याचं म्हणणं, पैसे भरून आलोय तर सगळं बघून घ्यावं. माझं म्हणणं, पैसे भरून आलोय तर निदान एक तरी जागा नीट बघावी. आईला मुंबई दाखवली त्या दिवसाचे त्याच्या मोबाईलमध्ये दोनशेच्या वर फोटो आहेत. त्यातल्या एकाही फोटोत आई कशाकडे बघत नाहीये, सगळ्या फोटोंत ती मोबाईलकडे बघतेय. दादा, तू हे वाचशील तर एकदा फोटो उघडून बघ. आणि गावातल्या झाडांचं म्हणशील तर आईने आयुष्यभर त्या झाडांखाली काम केलंय. तिथे ती बसत नाही.

गावी गेल्यावर शेजारणीने मुंबईत काय बघितलंस विचारलं, तर आईने सांगितलं, "राणीच्या बागंत बसून आले." हे मला शेजारणीनेच फोनवर सांगितलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमचे आई-बाबा कोण, त्यांचं मुंबईशी नातं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी त्यांनाच विचारा. यादी तुम्ही करू नका. त्यांनी समुद्र कधीच पाहिला नसेल तर राणीबाग नको, मरीन ड्राइव्हलाच न्या. पण ऊन उतरल्यावर, साडेचार-पाचला, आणि दिवे लागेपर्यंत कट्ट्यावर बसून राहा. गाडी सोडून द्या, ड्रायव्हर थांबलेला असला की आपण मनाने उठलेलोच असतो. माटुंग्याचं फाइव्ह गार्डन आहे, शिवाजी पार्कचा कट्टा आहे, तिथे तिकीटही नाही आणि बघायला काही नाही, त्यामुळे बसणं चांगलं होतं. मलबार हिलला 2025 साली झाडांमधून जाणारा उंच लाकडी रस्ता केलाय, छान आहे, पण ऑनलाइन वेळ घेऊन जावं लागतं. घड्याळ लावून निवांतपणा मला तरी जमत नाही. बोरिवलीचं नॅशनल पार्क उत्तम, मात्र कान्हेरीच्या पायऱ्या गुडघेदुखी असलेल्यांसाठी नाहीत. खालीच बसा.

देऊळ एकच घ्या, तेही सकाळी. आईचा आग्रह असेल तर, नाहीतर तेही नको.

एक कबूल केलं पाहिजे. माझी आई चालती-फिरती होती आणि आम्ही दोघीच होतो. तुमच्याबरोबर लहान मुलं असतील तर अडीच तास बाक धरून बसता येणार नाही, मुलांना पेंग्विन आणि वाघ दाखवावेच लागतील. मग एकाने मुलांना घेऊन जावं आणि एकाने आई-बाबांबरोबर बसावं. आई-बाबांबरोबर तुम्ही बसा, बायकोवर किंवा भावावर सोडू नका. आणि दादाने नेलं नसतं तर मलाही न्यायचं सुचलं नसतं, हेही खरं आहे. त्याने निदान विचार केला.

राणीबाग बुधवारी बंद असते. रविवारी आणि मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते, मधल्या वारी जा. प्लास्टिकची पिशवी नेऊ नका, गेटवर अडवतात. पाण्याची बाटली स्टीलची घ्या. संध्याकाळी सहाला बंद होते, तिकीट खिडकी त्याच्या बरीच आधी, त्यामुळे दुपारी जेवून झोप काढून निघायचा बेत करू नका. कैलासपती शोधायला कोणत्याही माळ्याला विचारा, तो हातातलं काम सोडून दाखवायला येतो. आम्हाला आला होता.