सोळा हजारांची लाईन की अकरा हजारांची अप्रेंटिसशिप?

प्रश्न : मुलगा यंदा आयटीआय फिटर पास झाला. चाकणला कॉन्ट्रॅक्टरमार्फत सात महिन्यांचं टेम्पररी काम मिळतंय. तीन शिफ्ट, हातात सोळा हजार. वाळूजच्या एका कंपनीत अप्रेंटिसशिपही मिळतेय, पण स्टायपेंड अकरा हजार. तिथे मामाकडे राहता येईल. घरात कर्जाचा हप्ता आहे. कुठे पाठवू?
— एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर : वाळूजला पाठवा. चाकणमध्ये खोलीभाडं आणि मेस वजा केल्यावर घरी पाठवायला किती उरतं, ते एकदा कागदावर मांडा. पाच हजारांचा फरक बराचसा तिथेच विरतो.

फिटर म्हणून घेतलं तरी असेंब्ली लाईनवर बहुतेकदा एकच स्टेशन वाट्याला येतं. शिफ्टभर तेच चार बोल्ट आवळायचे. हाताला वेग येतो, पण ड्रॉइंग वाचणं, मशीन उघडून दुरुस्त करणं राहून जातं. सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा कॉन्ट्रॅक्टर, पुन्हा तेच.

अप्रेंटिसशिप वर्षभराची. शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वात खालच्या श्रेणीच्या) भरतीतल्या २० टक्के राखीव जागा मात्र रेल्वेतच अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी असतात, त्या यात धरू नका. वर्ष संपल्यावर कंपनी ठेवून घेईलच, असंही धरून चालू नका. शिवाय काही ठिकाणी अप्रेंटिसलाही लाईनवरच उभं करतात. म्हणून हजर होण्याआधी त्याच विभागातल्या जुन्या पोरांना गाठून विचारा. करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय ना आणि त्यात ट्रेड 'फिटर'च लिहिलाय ना, हेही बघा.

हप्ता अडलाच आणि चाकण गाठावं लागलं, तर त्यात कमीपणा नाही. फक्त 'पीएफ कापत नाही, हातात जास्त देतो' म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे जाऊ नका. पीएफचा यूएएन नंबर (खात्याचा कायमचा क्रमांक) कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी तोच राहतो. ईएसआयसाठी (सरकारी कामगार विमा) पगारातून जेमतेम पाऊण टक्का जातो, पण कामावर बोट सापडलं तर पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. ओटीचा (ओव्हरटाइमचा) दर कायद्याने दुप्पट आहे. दर महिन्याची पगार स्लिप मागून घ्यायला सांगा.

'काम करता करता डिप्लोमा करेल' या भरवशावर राहू नका. आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो खरा, पण दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या पोराने कॉलेजची हजेरी भरायची कधी? ते अप्रेंटिसशिपनंतर बघू. तोवर मार्कशीट आणि कराराची प्रत घरी जपून ठेवा. मूळ कागद कुठल्याही कॉन्ट्रॅक्टरच्या हातात देऊ नका.