हळद हिरवट, पितळी गुंड काळा: मालाच्या फोटोंबद्दल वाचक विचारतात

या वेळच्या बऱ्याच पत्रांची सुरुवात एकाच प्रश्नानं आहे: कॅमेरा कोणता घ्यावा? सध्या घेऊ नका. गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा मोबाइल कॅटलॉगला पुरतो, आणि रस्त्याकडेच्या फ्लेक्सलाही. लेन्स मात्र धुतलेल्या सुती कापडानं पुसून घ्या. तेलकट बोटाचा ठसा असला की पूर्ण फोटोवर धुरकट पडदा येतो आणि दोष मोबाइलवर जातो. आता बाकीचे प्रश्न.

प्रश्न : आमचा बचत गट समुद्रपूर तालुक्यात वायगाव हळदीची पूड पाकिटात भरून विकतो. मोबाइलवर फोटो काढला की हळद कधी लिंबासारखी हिरवट येते, कधी भगवी. एका गिऱ्हाइकानं तर "रंग टाकला काय?" असं विचारलं.

उत्तर : ताई, हळदीत खोट नाही. तुमच्या ताटात तीन ठिकाणचा उजेड एकत्र पडतोय. दारातून येणारा दिवसाचा उजेड निळसर, पिवळ्या बल्बचा उजेड तांबूस, आणि तिसरा भिंतीचा. आपल्याकडे घरं आकाशी, पोपटी नाही तर गुलाबी रंगवलेली असतात. त्या भिंतीवरून परतलेला उजेड तोच रंग घेऊन हळदीवर पडतो.

त्यात मोबाइल आपली अक्कल लावतो. चौकटीत सगळीकडे पिवळंच दिसलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे. मग तो भरपाई म्हणून निळं वाढवतो आणि हळद फिकी, हिरवट होते. म्हणून ताट काठोकाठ चौकटीत भरू नका, बाजूला पांढरं काही तरी दिसू द्या.

आता करायचं काय ते सांगतो. घरातले सगळे दिवे बंद करा. ओसरीत, ऊन थेट येत नाही अशा जागी, दारापासून दोन-तीन फूट आत टेबल मांडा. उजेड एकाच बाजूनं यायला हवा. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, म्हणजे सावलीची बाजू काळी पडणार नाही. भिंत रंगीत असेल तर तिच्यावर पांढरी चादर टांगा. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ चांगली. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही म्हणतात, ते आपल्याकडे अर्धं वर्षच खरं. २१ मार्च ते २३ सप्टेंबरच्या दरम्यान सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि सायंकाळी त्या खिडकीतूनही ऊन आत येतं. तसं झालं तर खिडकीला पांढरं पातळ धोतर किंवा मलमल लावा.

मोबाइलमध्ये प्रो मोड (आकडे आपल्या हातानं लावायची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची जुळणी, आपोआपवर न ठेवता ५२०० ते ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास लावा. सावलीतला उजेड जास्त निळसर असला तर ६०००–६५०० पर्यंत जावं लागतं. किती ते कागद सांगेल: ताटाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा आणि पडद्यावर तो पांढराच दिसेपर्यंत आकडा हलवा. मग हळदीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, उणे ०.३ ते ०.७. पिवळा रंग लवकर "जळतो". म्हणजे ढिगाच्या माथ्यावर एकसारखा चकचकीत ठिपका उरतो आणि पुडीचा कण दिसेनासा होतो. "एआय कॅमेरा", "व्हिव्हिड" असं काही सुरू असेल तर बंद ठेवा. भाजी-मिठाईचा फोटो दिसला की रंग चढवायचा, हेच त्याचं काम.

पूड चाळणीनं हलकेच ताटात पाडा, चमच्यानं थापटू नका. शेजारी एक हळकुंड मोडून ठेवा. आतला गडद रंग दिसला की भेसळीच्या प्रश्नाला उत्तर आपोआप मिळतं. फोटो काढून झाल्यावर मोबाइल आणि खरी हळद दोन्ही दारात घेऊन शेजारी धरा. जुळत नसेल तर पुन्हा काढा. नंतर ॲपमध्ये रंग ओढत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

आणखी एक. वायगाव हळदीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, पण त्याचं बोधचिन्ह पाकिटावर किंवा फोटोवर टाकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती नसेल तर चिन्ह टाकू नका.

प्रश्न : भिवापूरच्या मिरचीचं तिखट विकतो. फोटोत नुसता लाल डाग दिसतो, आणि पाकिटावर ट्यूबलाइट चमकते.

उत्तर : लाल रंगाचं दुखणं हळदीसारखंच, फक्त जास्त. कॅमेऱ्याचा लाल भाग आधी भरून जातो आणि कण, बिया, सालीचे तुकडे सगळे एकजीव होतात. उजेड उणे ०.७ ते १ पर्यंत उतरवा आणि तो अगदी खालच्या कोनातून, ताटाला घासून जाईल असा बाजूनं येऊ द्या. प्रत्येक कणाची बारीक सावली पडली की तिखट तिखटासारखं दिसतं. स्वस्त एलईडीखाली काढूच नका. त्या उजेडात गडद लाल रंग कमी असतो, म्हणून तिखट विटकरी येतं.

पाकिटाचं चमकणं हा कोनाचा हिशोब आहे. उजेड ज्या कोनात प्लास्टिकवर पडतो त्याच कोनात उलट्या बाजूला परततो. तुमचा मोबाइल नेमका तिथे असतो. पाकीट सरळ उभं ठेवा, उजेड बाजूनं घ्या आणि मोबाइल पाकिटाच्या समोर, त्याच्या मध्याच्या उंचीवर धरा. तरी चमक राहिली तर पाकिटाचा माथा अर्धा इंच पुढे झुकवून पाहा, मागे वाटाण्याएवढी माती किंवा दुहेरी टेप लावली की टिकतं. पाकीट आतून पूर्ण भरलेलं हवं. ढिल्या पाकिटाची प्रत्येक घडी वेगळी चमकते. मोबाइल अगदी जवळ नेलात तर पाकिटाचं पोट फुगलेलं येईल. तीन फूट मागे सरा आणि दोन पट झूम लावा.

प्रश्न : भंडाऱ्याला पितळी भांड्यांचं दुकान आहे. गुंड, परात, समई यांच्या फोटोत मी, माझा लाल शर्ट आणि समोरचा पानठेला, सगळंच दिसतं. कोणी म्हणालं पोलरायझर फिल्टर घ्या.

उत्तर : भाऊ, फिल्टरचे पैसे वाचवा. पोलरायझर काचेवरची, पाण्यावरची, प्लास्टिकवरची चमक कमी करतो. उघड्या धातूवर त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही.

घासलेला गुंड म्हणजे गोल आरसाच. त्याच्यावर उजेड टाकायचा नसतो, त्याच्या भोवती त्याला दाखवायला काय ठेवायचं ते ठरवायचं असतं. बांबूच्या चार काठ्या रोवून तीन फुटांचा छोटा मांडव करा. वरून आणि तिन्ही बाजूंनी पांढरंशुभ्र मलमल किंवा धोतर ताणा, सुरकुती ठेवू नका, कारण ती सुरकुतीही गुंडावर दिसते. कापड पिवळसर झालेलं असेल तर पितळही मळकट येतं. मांडव उघड्यावर सकाळच्या उन्हात ठेवा. ऊन कापडावर पडू द्या, भांड्यावर नाही. पुढची बाजूही कापडानं झाका आणि मोबाइलच्या भिंगापुरती फट ठेवा. चार-पाच फूट मागून झूम करा. तुमचं प्रतिबिंब एका ठिपक्याएवढं होईल, आणि तो ठिपका मोबाइलमध्येच पुसता येतो.

इथपर्यंत आलं की नवीन दुखणं सुरू होतं: सगळीकडे पांढरं, त्यामुळे गुंड कडेला पार्श्वभूमीत विरघळतो आणि पिवळ्या प्लास्टिकसारखा दिसतो. त्याला उपाय काळा कार्डपेपर. दोन-तीन इंच रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या कापा आणि भांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, चौकटीच्या जेमतेम बाहेर उभ्या करा. गुंडाच्या दोन्ही कडांवर काळी रेघ उमटते आणि गोलाई उठून येते. पट्टी बोटभर मागेपुढे करत पडद्यावर पाहत राहा, रेघ सरकताना दिसेल. परातीला मात्र पट्टी मागच्या बाजूला लागते.

भांडं चिंचेनं घासून, धुऊन, लगेच कोरडं करा. त्यानंतर उघड्या हातानं धरू नका, कापडानं उचला. फोटोत सगळ्यात हट्टी डाग बोटांचाच असतो. ठोक्याच्या खुणा लपवायची गरज नाही. उजेड थोडा तिरपा केला की त्या छान दिसतात, आणि हातानं घडवलेल्या मालाला भाव त्यांच्यामुळेच येतो.

प्रश्न : आम्ही कोशाच्या (टसर रेशमाच्या) करवतकाठी साड्या विणतो. रंग फोटोतल्यापेक्षा वेगळा निघाला म्हणून साडी परत येते.

उत्तर : कोशाचा मधासारखा रंग कोनाप्रमाणे बदलतो, हे आधी मान्य करावं लागेल. फ्लॅश मारला की तो सपाट पांढरट होतो. साडी बांबूवर सैल टांगा, दोन-तीन घड्या पडू द्या आणि उजेड बाजूनं घ्या. घडीच्या माथ्यावर चमक आणि पोटात खरा रंग, दोन्ही एकाच फोटोत येतात.

एका साडीचे किमान चार फोटो हवेत: पूर्ण साडी, पदर, करवतीचे दाते स्पष्ट दिसतील इतका जवळून काठ, आणि काठाची उलटी बाजू. उलटी बाजू सहसा कोणी दाखवत नाही. पण काठ विणलेला आहे, छापलेला नाही, हे तिथेच कळतं. पोर्ट्रेट मोड वापरू नका, तो पदराचे गोंडे अर्धे पुसून टाकतो.

रंगासाठी हळदीचाच नियम. शिवाय गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर डोळ्यांना आराम देणारा पिवळा पडदा सुरू असू शकतो. म्हणून पैसे घेण्याआधी दिवसाच्या उजेडात दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, साडी हातात फिरवत, शेजारी पांढरा कागद धरून. परत येणाऱ्या एका साडीच्या कुरिअरपेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रश्न : वरुडजवळ रस्त्यावर संत्र्याच्या विक्रीसाठी दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स लावला. मोबाइलवर फोटो झकास होता, फ्लेक्सवर चौकोन-चौकोन आले.

उत्तर : फोटो व्हॉट्सॲपवरून साधाच पाठवलात ना? हिशोब करून पाहा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० ठिपके रुंद असतो. दहा फुटांवर पसरला की एक ठिपका पाऊण मिलिमीटरचा होतो, आणि रस्त्यावरून तो कोणाला दिसत नाही. व्हॉट्सॲपनं दाबला की रुंदी साधारण १६०० वर येते, ठिपका जवळपास दोन मिलिमीटरचा. त्यातही जेपीजी फाइल आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून दाबली जाते, म्हणजे फ्लेक्सवर दीड सेंटिमीटरचे चौकोन. तेच तुम्हाला दिसले. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या. फोटो काढताना वरखाली जागा सोडा, कारण मोबाइलची चौकट चारास तीन असते आणि फ्लेक्स पाचास तीन.

छपाईत भगवा रंग हमखास मंदावतो. मोबाइलच्या पडद्यावर जे तेज दिसतं ते शाईत नसतं. छापणाऱ्याकडून आधी फूटभर तुकडा छापून घ्या.

संत्रा झाडाखाली टिपू नका, पानांतून झिरपणारा उजेड हिरवा असतो आणि साल कच्ची वाटते. देठ-पानासकट तोडून बांधावरच्या मोकळ्या सावलीत आणा. दवासारखे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा, साध्या पाण्याचे थेंब लगेच ओघळतात. तो फवारा मारलेली फळं मात्र विक्रीच्या ढिगात टाकू नका. सोललेल्या फोडी पाच-दहा मिनिटांत सुकतात, म्हणून आधी चौकट, फोकस, सगळं जुळवा आणि मग सोला. आंबिया बहाराचा, म्हणजे आधी येणारा माल हातात असतानाच मृग बहाराच्या, म्हणजे फेब्रुवारीकडे येणाऱ्या मालाच्या जाहिरातीपुरते फोटो काढून ठेवावेत; फेब्रुवारीत धावपळीत चांगला फोटो निघत नाही.

प्रश्न : डाळ मिलसाठी फोटोग्राफर बोलावला, पैसे दिले. आता तो म्हणतो फोटो माझे, दुसरीकडे वापरायचे तर पुन्हा पैसे द्या. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर : वेगळा करार नसेल तर नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे तुमच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्क तुमचा. पण बिलाच्या मागे किंवा मेसेजमध्ये तुम्ही वेगळं काही मान्य केलं असेल तर ते लागू होतं, ते आधी तपासा. फुकटात किंवा ओळखीपोटी काढून दिलेल्या फोटोला हा नियम लागत नाही. पुढच्या वेळी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: फोटो किती, दुरुस्त केलेले किती, मूळ फाइली मिळणार का, आणि कुठे-कुठे वापरणार. मजूर बायांचे चेहरे दिसत असतील तर त्यांचीही लेखी संमती घ्या. गूगलवरून उचललेला तूरडाळीचा फोटो आपल्या पाकिटावर छापणं हा या सगळ्याहून मोठा धोका आहे.

प्रश्न : ॲमेझॉननं आमच्या मसाल्याचा मुख्य फोटो नाकारला. पार्श्वभूमी तर पांढरीच होती.

उत्तर : डोळ्याला पांढरी, आकड्यात नाही. चादर फोटोत राखाडी येते. मुख्य फोटोत लाल-हिरवा-निळा या तिन्ही रंगांचा आकडा २५५ असलेली शुद्ध पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग भरावा लागतो, आणि फोटोवर वरून टाकलेली कुठलीही अक्षरं, किंमत किंवा शिक्का चालत नाही. ॲपमध्ये फोटोतलं पाकीट कापून पांढऱ्यावर बसवा. झूमसाठी लांब बाजू १००० ठिपक्यांहून जास्त ठेवा. सजवलेला फोटो दुसऱ्या क्रमांकावर टाका, पण मसाल्यात नसलेले काजू-बदाम त्यात मांडू नका. पाकिटाची मागची बाजू, वजन आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक वाचता येईल अशी, तिसऱ्या क्रमांकावर.

प्रश्न : जिनिंगच्या शेडमध्ये काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात.

उत्तर : आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. प्रो मोडमध्ये शटर (फोटो टिपायचा वेळ) १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे जातात. १/५० ला हात हलतो, तेव्हा मोबाइल स्टँडवर लावा. उजेड कमी पडला तरी हॅलोजन आत नेऊ नका. त्याची काच प्रचंड तापते आणि हवेत सरकीची रुई उडत असते. शेडचं मोठं दार उघडा, सकाळी या.